कॉफीच्या आधी सह्या पाठवा

आपल्या गावच्या मुंबई मंडळाच्या सर्व सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत पाचव्या दिवशी देवळाच्या सभामंडपात तुम्ही पांढरी चादर टांगून आपल्या डोंगरावर कॉफी लावायचा बेत सांगितलात आणि कॉफीचे फोटो दाखवलेत, तेव्हा मी मागच्या खांबाला टेकून प्रसादाची केळी कापत होते. ‘आपलं गाव, कॉफीचं गाव’ अशी मोठी अक्षरं चादरीवर आली, टाळ्या पडल्या. मग कुणीतरी म्हणालं, “काकी कॉफीच्या मळ्यात होत्या ना? त्यांनी दोन शब्द बोलावेत.” मी हात पुसून उठेपर्यंत लाइट गेली. आली तेव्हा आरतीची वेळ झाली होती. ते दोन शब्द राहिले ते राहिलेच. आता लिहून पाठवते, दोनाचे जरा जास्त होतील.

पत्र उघडं लिहिलंय ते मुद्दाम. घरोघरी वेगळं पत्र गेलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला काहीतरी निराळं लिहिलंय. हा आपल्या गावचा जुना आजार आहे.

मी कोण ते नव्या सुना-नातवंडांना ठाऊक नसेल. वरच्या वाडीतली, विहिरीकडच्या घरातली. १९८९ साली लग्न होऊन या गावात आले आणि चार महिन्यांत यजमानांबरोबर ट्रंक उचलून आंबोली घाट चढले. सावंतवाडी ते बेळगाव, तिथून हुबळी, हुबळीहून रात्रीच्या गाडीने चिकमगळूर आणि सकाळी मुडिगेरेची बस. कर्नाटकातल्या त्या मुलखात कॉफीच्या एका इस्टेटीत, म्हणजे मोठ्या मळ्यात, हे रायटर होते. इस्टेटीत रायटर म्हणजे हजेरी, पगार, वजन, खत, पाऊस सगळं वहीत उतरवणारा कारकून. सतरा वर्षं आम्ही तिथे काढली. मी आधी घर सांभाळलं, मग मजूर बायकांच्या पोरांचं पाळणाघर सांभाळलं आणि हंगामात कणावर दंताळं फिरवलं. कॉफी वाळत घालतात त्या खळ्याला तिथे कण म्हणतात.

पोचले त्या दिवशी वाटलं, फसवलं मला. एवढी वणवण करून पुन्हा आपलंच गाव! तीच मंगळुरी कौलं, दारात फणस, मागे पोफळी, पायाला जळवा. फक्त घरांच्या पाठीमागे गडद पानांची झुडपं, त्यांच्यावर सावली धरून उभे सिल्व्हर ओक आणि ओकांना वेढून वर गेलेली मिरी. मी विचारलं, “कॉफी खंय आसा?” हे हसले. मी कॉफीतच उभी होते. माझ्या डोक्यात कातरलेले हिरवे डोंगर होते, ते चहाचे असतात. तुमच्या चादरीवरचा पहिला फोटोही चहाच्या मळ्याचाच होता हो. सांगायचं नव्हतं, पण राहवत नाही.

तोडणी नोव्हेंबरात सुरू होते. कॉफीच्या जाती दोन, आधी अरेबिका, मागून रोबस्टा, फेब्रुवारीपर्यंत चालतं. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं आणि लाल फळ गळ्यात गळा घालून असतं. लाल तेवढंच घ्यायचं. ओढायचं नाही, ओढलं की फांदीची साल निघून येते, बोटांनी नुसता पीळ द्यायचा. म्हणून त्याच झाडाकडे तीन-तीन, चार-चार वेळा परत यायचं. कमरेला पिशवी, संध्याकाळी काट्यावर वजन, वजनाप्रमाणे पैसे. फळाचा रस गोडसर आणि चिकट. दिवसभरात तो बायकांच्या नखांत सुकून काळा व्हायचा. पाळणाघरातली तान्ही पोरं आई दारात आली की डोळे उघडायच्या आधी त्या वासाकडे तोंड वळवायची.

मग पल्परमध्ये लाल साल काढायची. आतली बी बुळबुळीत असते, ती टाकीत आंबवायची, धुवायची, कणावर पसरायची आणि दिवसभर दंताळ्याने वरखाली करायची. संध्याकाळी दव पडायच्या आत ढीग करून झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची. नीट वाळली की मुठीत धरून हलवल्यावर खुळखुळते. त्या खुळखुळणाऱ्या बीला पार्चमेंट म्हणतात, आणि फळ न सोलता तसंच वाळवलं तर चेरी. पाच-सहा किलो लाल फळ तोडावं तेव्हा एक किलो दाणा हातात येतो. हे गणित चादरीवर नव्हतं.

आता पावसाचं सांगते. मार्चमध्ये ढग आले की आपल्याकडे काय होतं? बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. आंब्याचा मोहोर काळा पडतो, काजूचा तुरा करपतो, चार थेंब पडले तरी आपण आभाळाला शिव्या घालतो. तिथे त्याच ढगाची वाट बघत माणसं अंगणात उभी असायची. कन्नडमध्ये त्याला ‘हू मळे’ म्हणतात, फुलांचा पाऊस. कॉफीच्या कळ्या उन्हाळ्यात गप्प बसून असतात. इंचभर पाऊस झाला की आठव्या-नवव्या दिवशी सगळा मळा एकदम पांढरा होतो. वास मोगऱ्यासारखा, इतका दाट की रात्री खिडकी लावून घ्यावी लागायची. दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. त्यानंतर फळ धरायला आणखी एक सर लागते. ती आली नाही तर फूल झालं ते झालं, फळाची खात्री नाही.

प्रत्येक इस्टेटीत पर्जन्यमापक असतो आणि पाऊस अजून इंचात आणि सेंटमध्ये मोजतात, इंचाचे शंभर सेंट. “काल ऐंशी सेंट झाला” हे त्या मुलखातलं ‘कसं काय, बरं आहे ना?’ आमच्या ह्यांच्या वह्यांत सतरा वर्षांचा पाऊस होता. एका मार्चमध्ये त्यांनी नुसतं ‘०’ लिहिलेलं आहे आणि शून्यावरून पेन इतक्या वेळा फिरवलंय की कागद फाटलाय.

तेव्हा पहिला प्रश्न हा. त्याच डोंगरावर एकाला मार्चमध्ये पाऊस हवा आणि शेजारच्याला नको, तर आपण देवाला नेमकं गाऱ्हाणं काय घालणार? पाण्याची सोय असलेल्या रोबस्टाला तुषार सिंचनाने फुलवतात, खरं आहे. पण वरच्या वाडीत मार्चनंतर प्यायच्या पाण्याला मी घागर घेऊन व्हाळात उतरते.

दुसरं, उंचीचं आणि पावसाचं. तुम्ही चिखलदऱ्याचा दाखला दिलात. महाराष्ट्रात कॉफी होते हे खरंच, विदर्भातल्या चिखलदऱ्यात होते. पण चिखलदरा अकराशे मीटरवर आहे. अरेबिकाला साधारण हजार मीटर तरी चढावं लागतं, रोबस्टा पाचशेपासून वर चालते. आपल्या डोक्यावरची आंबोलीच ६९० मीटरवर, आणि आपण तिच्याही खाली. म्हणजे झाली तर रोबस्टा. कॉफीला वर्षाला दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस पुरतो. आंबोलीला सात हजारांच्या आसपास कोसळतो, आणि तो कोसळून झाला की ऑक्टोबरपासून वळवापर्यंत टिपूस नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २००६ साली सासरे गेले, आम्ही कायमचे परत आलो, तेव्हा ह्यांनी रुमालात गुंडाळून रोबस्टाची सहा रोपं आणली. विहिरीमागे पोफळीच्या सावलीत लावली. दोन पहिल्याच श्रावणात कुजली. चार जगली, कारण मी त्यांना भांडी धुतलेलं पाणी घातलं. हे आता नाहीत, झाडं आहेत. वर्षाला चारांची मिळून सूपभर चेरी होते. ती मी वायनात कांडते, सुपाने पाखडते आणि लोखंडी कढईत भाजते. शेजारीण दर वर्षी कुंपणावरून ओरडते, “काय गो, काय करपवलंस?” पावडर होते ती होळीपर्यंत पुरते. खरं सांगू, मी स्वतः चहाच पिते. कॉफी करते ती त्यांच्या तिथीला.

एका वर्षी थोडा दाणा पावसाळ्यात गोणत्यात राहिला. भाद्रपदात उघडला तर फुगून दुप्पट आणि रंगाने पांढुरका. मी टाकायला निघाले होते. मग आठवलं की मंगळूरच्या गोदामांत हेच मुद्दाम करतात. चेरीचा दाणा पावसाळ्याच्या वाऱ्यावर पसरून ठेवतात, तो हवेतली ओल पिऊन फुगतो, त्याचा आंबटपणा जातो आणि ‘मॉन्सून्ड मलबार’ या नावाने परदेशात विकला जातो. भौगोलिक मानांकनही आहे त्याला. शिडाच्या जहाजांतून महिनोन्‌महिने प्रवास करताना दाणा असाच व्हायचा आणि तिकडच्या लोकांना तीच चव लागली होती, असं हे सांगायचे. तुमच्यातल्या कुणाला धंदाच करायचा असेल तर यात डोकं घाला. कॉफी त्यांच्याकडून आणायची, ओला वारा आपल्याकडे फुकट आहे. पण त्याला गोदामं लागतात, आणि फोटो छान येत नाहीत.

आता भाव. चादरीवरचा तुमचा आलेख २०१९ पासून सुरू होत होता आणि शिमग्यातल्या होळीसारखा सरळ आभाळात जात होता. खोटा नव्हता. रोबस्टा चेरीच्या ५० किलोच्या पोत्याला तेव्हा तीन-साडेतीन हजार मिळायचे, २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेले. व्हिएतनाममध्ये दुष्काळ पडला, ब्राझीलमध्ये पाऊस रुसला, म्हणून गेले. पण मी त्या आलेखाच्या अलीकडे राहिले आहे.

आम्ही गेलो तेव्हा कॉफी बोर्डाचा ‘पूल’ होता, म्हणजे सगळ्यांची कॉफी एकत्र गोळा करून विकायची पद्धत. १९४२ च्या कायद्याने सगळी कॉफी बोर्डाला द्यायची, बोर्ड लिलाव करणार, मळेवाल्याला पैसे हप्त्याहप्त्याने येणार, कधी कधी पुढचं पीक आलं तरी मागचा शेवटचा हप्ता यायचाच असायचा. सगळे कुरकुरायचे. १९९६ पर्यंत तो पूल पुरता सुटला, ज्याला हवी त्याला कॉफी विका. दोन-तीन वर्षं अशी गेली की इस्टेटीतल्या मेस्त्रीने, म्हणजे मजुरांच्या मुकादमानेही मोटरसायकल घेतली. त्याच काळात व्हिएतनामने एवढी रोबस्टा लावली की तो देश जगात दुसरा झाला, आणि २००० नंतर भाव असा आपटला की तोडणीची मजुरीसुद्धा निघेना. आमच्या इस्टेटीत हंगामी माणसं पहिली गेली. मग पाळणाघर बंद झालं, म्हणजे माझं काम गेलं. ह्यांचा पगार तीन-तीन महिने थकायचा. शेजारी तीन एकरवाला एक गौडा होता. त्याच्या अरेबिकात खोडकिडा शिरला. किड्याचं झाड वाचत नाही, उपटून जाळावं लागतं, नाहीतर तो शेजारच्या झाडात जातो. अंगणात ढीग करून तो माणूस स्वतःच्या बापाने लावलेली झाडं जाळत होता आणि बायको आतून बाहेर आली नाही. त्याला तारलं ते मिरीने.

सगळं काळंच होतं असं नाही. भारतातले कॉफीवाले बहुतेक सगळे असेच लहान आहेत, दोन एकर, पाच एकर. तरी ते टिकून आहेत, कारण वर्षं वाईट आली तरी मागे काहीतरी उभं असतं. बाळेहोन्नूरला १९२५ पासूनचं संशोधन केंद्र आहे, रोप तिथलं मिळतं. पोतं घेऊन जायला क्युरिंगचे, म्हणजे वाळलेली कॉफी सोलून निवडून देणारे कारखाने आहेत, सोसायट्या आहेत, भाव सांगणारे दहा व्यापारी आहेत. आणि सगळ्यात आधी, मळा कुणाचा ते ठरलेलं आहे. याच्यावर मी येणारच आहे.

आणखी एक ऐका. कॉफीच्या गावाचं भवितव्य काय म्हणून तुम्ही मोठ्या आशेने विचारता. मी सांगते, तिथली पोरं बंगळूरला आहेत. जशी आपली मुंबईला. मळ्यात राहिलेत ते साठीचे नवरा-बायको आणि एक कुत्रा. तोडणीला माणसं आसामातून, झारखंडातून येतात. पोरगा शनिवार-रविवार येतो, घराच्या दोन खोल्यांना होमस्टे करतो, सोमवारी जातो. फरक एवढाच की तो येतो तेव्हा बापाबरोबर मळ्यात फेरी मारतो, कुठली झाडं उपटायची ते दोघे ठरवतात. तुम्ही येता तेव्हा आरत्या म्हणता. आरत्या म्हणूच नका असं नाही.

आपल्याकडे काजू वेचायला माणूस नाही. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. तीन-चार वेळा त्याच झाडाकडे परत जाऊन लाल तेवढंच फळ तोडणारे हात कुठून आणणार? माकडं तोडतील म्हणा. तिथेही तोडायची, गर चोखून बी थुंकायची, आणि आम्ही ती बी वेचून आणायचो. हत्तीही तुमच्या ‘कॉफी व्हिलेज’ला येतील. मुडिगेरेकडे ते फणसाच्या वासाने मळ्यात शिरतात, म्हणून लोक कोवळे फणसच उतरवून टाकतात. आपल्या दोडामार्गात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले ते अजून माड पाडतायत.

आता जमिनीचं. तुम्ही उपग्रहाच्या नकाशावर वरच्या सड्याखालचा सगळा उतार पिवळ्या रंगाने रंगवलात आणि खाली लिहिलंत ‘पडीक क्षेत्र’. बाबांनो, तो पडीक नाही. त्या रायीतून व्हाळ येतो, आणि व्हाळातून माझी घागर भरते. दोडामार्ग-सावंतवाडीत डोंगर साफ करून रबर आणि अननस लावला गेला, तो तुम्ही गोव्याला जाताना रस्त्यावरून बघताच. शेवटी हायकोर्टाला झाडतोड थांबवावी लागली. शिवाय त्या उतारातल्या अर्ध्या गटांच्या सातबाऱ्यावर वनसंज्ञेचा, म्हणजे ही जमीन वन धरावी असा, शेरा आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने वनेतर कामं कुठली ते सांगितलंय. माझ्या मुलाने मला वाचून दाखवलं, त्या यादीत चहाच्या लगेच मागे कॉफीचं नाव आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना तुमचा प्रस्ताव कितीतरी वर्षं आधीच कळला होता.

उतार सोडा. घरांजवळ आपल्या सगळ्यांची मिळून जी कुळागरं आहेत, पोफळी-माड-फणसाखालची, तिथे रोबस्टा होईल. माझी चार झाडं साक्षीला आहेत. मिरीच्या जोडीने शे-दोनशे झाडं एका कुटुंबाला सांभाळता येतील. श्रीमंती येणार नाही, पण काजूचा भाव पडलेल्या वर्षी हाताला काही लागेल. यात माझी ना नाही. उलट ‘एस. २७४’ जातीची रोपं कशी धरायची ते मला येतं, मी शिकवीन.

पण लावणार कुणाच्या जमिनीत?

आमच्या कुळागराच्या सातबाऱ्यावर ४३ नावं होती. मी २०१९ साली मोजली, सरकारच्या फुंडकर फळबाग योजनेत काजूची साठ कलमं मागायला गेले तेव्हा. तिथल्या ऑफिसातल्या भाऊंनी अर्ज उलटासुलटा केला आणि म्हणाले, “मावशी, सामाईक आहे. बाकीच्या बेचाळीस जणांचं संमतीपत्र आणा.” मी म्हटलं, यातले एकवीस देवाघरी आहेत. ते म्हणाले, मग त्यांच्या वारसांचं आणा.

मी संमतीपत्रं छापून घेतली. परळ, डोंबिवली, विरार, बडोदा, जिथला पत्ता मिळाला तिथे पाठवली. परतीचं पाकीट, वर तिकीट लावून. सहा सह्या आल्या. एकाने फोन केला, “काकी, आमचा वाटा किती येतो ते आधी सांगा.” एकाने विचारलं, “कुणी गिऱ्हाईक लागलंय का?” एका सुनेने पाकिटावर ‘पत्ता सापडत नाही’ असं लिहून परत पाठवलं. अक्षर तिचंच होतं, दर वर्षी संक्रांतीला तिळगुळाबरोबर येतं ते. साठ कलमांची मुदत गेली.

मी रागावले नाही असं कसं म्हणू, पण भीती मला कळते. आपल्या गावात हक्कसोड कुठल्या कागदाखाली घालून बहिणींच्या सह्या घेतलेल्या आहेत, त्या बहिणींतली एक माझी नणंद आहे. आणि कुळाची भीती आहे. १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला, ते तुमच्या आजोबांनी तुमच्या वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी तुम्हाला. म्हणून जमीन ओसाड पडली तरी चालेल, पण दुसऱ्याच्या हाताखाली जाता कामा नये. ठीक आहे. पण संमतीपत्र म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे, एवढं तरी वाचून घ्या. त्यात तुमचं नाव सातबाऱ्यावरून जात नाही. मला तुमच्या वाट्यात झाड लावायला तुमची हरकत नाही, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. मसुद्यावर विश्वास नसेल तर तुमच्या वकिलाकडून लिहून आणा, मी त्याच्यावर सही करीन.

२०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायची. चांगलीच आहे. आमचे एकवीस मेलेले गेले, त्यांच्या जागी वारस आले आणि आता आमच्या कुळागरावर ७१ जिवंत माणसं आहेत. पन्नास गुंठे जमीन. सगळे एका दिवशी आले तर उभं राहायला जागा व्हायची नाही, पोफळी तर आधीच उभ्या आहेत.

तिकडे या भानगडी नाहीत असं नाही. कोडगूत जम्मा जमिनी घराण्याच्या सामाईक असतात, त्यांच्या कागदांवर मेलेल्या पणजोबांची नावं चालत आलेली असतात आणि कर्ज काढायला गेलं की रडगाणं सुरू. पण त्या घराण्यांतलं कुणी ना कुणी मळ्यात उभं असतं. कॉफीचं रोप लावल्यावर तीन-चार वर्षांनी पहिलं फळ दिसतं, आणि नीट राखलं तर झाड चाळीस-पन्नास वर्षं चालतं. असं झाड लावायचं म्हणजे आपण मेल्यावर तोडणी कुणी करायची ते ठरवून लावायचं. जिथे पुढच्या वैशाखात माझ्या खड्ड्यावर कोण हरकत घेईल ते सांगता येत नाही, तिथे मी शंभर खड्डे कुणाच्या भरवशावर मारू? तीळ-नाचणीचं ठीक आहे, चार महिन्यांत घरात येते.

म्हणून माझं म्हणणं असं. मंडळाने कॉफीच्या अभ्यास सहलीला जे पैसे धरलेत ते तसेच बाजूला ठेवा. मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा दोन दिवस जास्त राहा. आधार कार्डाची झेरॉक्स, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि असतील त्या जुन्या फेरफारांच्या नकला घेऊन या. सगळे खातेदार राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारच वाटप करून देतात, कोर्टाची पायरी लागत नाही. ज्यांना वाटप नको त्यांनी संमती द्यावी. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी भावाला नाहीतर भाच्याला मुखत्यारपत्र द्यावं. विकायची असेल तर तसं तोंडावर सांगा. आमच्यातलेच दोघे-तिघे मिळून घेऊ शकतील की नाही ते बघू, पण रायीकडचा वाटा बाहेरच्याला विकण्याआधी आम्हाला विचारा. आणि एकाने तरी, मी एकच म्हणते, चाळिशीच्या आतल्या एकाने वर्षातून चार वेळा यावं: फुलाला, पावसाच्या आधी, पावसाच्या मागे आणि तोडणीला. सणाला आलेला माणूस त्यात धरू नका.

कुळागराच्या वाटपाचा कच्चा नकाशा माझ्या मुलाने काढलाय. आमचा वाटा मी विहिरीकडचा न मागता खालचा मागितलाय, जिथे पाणी साचतं. म्हणजे काकीने चांगलं ते स्वतःला ठेवलं असं कुणी म्हणू नये. विहीर सगळ्यांची. चार झाडं मात्र तेवढी माझी धरा.

खाली ७१ नावांची यादी जोडली आहे, आणि प्रत्येकाच्या नावाचं संमतीपत्र आणि परतीचं पाकीट वेगळं कुरियरने येईल. सह्या आल्या की नावापुढे मी बरोबरची खूण करीन आणि यादी देवळाच्या फळ्यावर लावीन, मंडळाची वर्गणी भरणाऱ्यांची लावतात तिथेच. २०१९ च्या सहा खुणा केलेल्या आहेत. यादी सातबाऱ्याच्या क्रमाने आहे, वयाच्या किंवा मानाच्या नाही, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकावर आपल्या अध्यक्षांचं नाव आलंय आणि त्यांच्यापुढे अजून खूण नाही. त्यांचं पाकीट मी आजच टाकतेय.

कळावे, लोभ असावा.

तुमचीच,
विहिरीकडची काकी
वरची वाडी